भद्रेतली दाढ

दातांच्या दवाखान्यात तीन खुर्च्या होत्या, एक बंद पंखा, एक सुजलेला गाल आणि त्याच्याशेजारी एक वैतागलेली बायको. गाल शिंप्याचा होता. काउंटरमागची मदतनीस मान खाली घालून चिमटे पुसत होती. कान मात्र त्या दोघांकडेच होते.

“आज दाढ काढायची नाही. भद्रा आहे.”

“सकाळी तर म्हणालात, पौर्णिमा आहे, दिवस चांगला आहे.”

“पौर्णिमा चांगलीच गं. पण तिथीचे दोन अर्धे असतात, एकेका अर्ध्याला करण म्हणतात. आजचा पहिला अर्धा म्हणजे भद्रा. दुसरा लागला की बघू.”

“तो कधी लागतो?”

“रात्री.”

“रात्री डॉक्टरीणबाई काय तुमची वाट बघत बसतील?”

“मग उद्या येऊ.”

“चार रात्री कण्हताय. स्वतः झोपत नाही, मला झोपू देत नाही.”

“शास्त्रापुढे माझं काय चालतंय?”

“भद्रेत काय करत नाहीत?”

“शुभकार्य. लग्न, प्रवास, गृहप्रवेश.”

“आणि काय करतात?”

“ते… बघावं लागेल.”

“मी बघूनच आलेय. भांडण, कापाकापी, शत्रूचा नाश. ही दाढ काय तुमची मावशी लागते?”

“अगं, पण…”

“भांडण झालं. कापाकापी राहिलीय. उठा!”

शिंपी उठला. मदतनीस बाईने आतलं दार उघडून धरलं.

थोड्या वेळाने तिने ट्रेमधल्या उपटलेल्या दाढेला नोंदीसाठी मोजपट्टी लावली. मुळासकट लांबी एकवीस मिलिमीटर भरली.