दगडाबाई डोंगरावर गेल्याबाबत

दगडाबाई सुग्रीव बडे, वय अंदाजे ५५ वर्षे, धंदा मजुरी व शेरडं राखणे, रा. पिंपळवाडी, ता. शिरूर कासार, जि. बीड.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा परमेश्वर व सून शिवकन्या यांच्यासह राहते. पती हयात नाहीत. मी हरवल्याची तक्रार मुलाने दिली आहे. मी हरवले नव्हते. मी कुठे आहे हे मला माहीत होते.

आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला अकोले भागात जायचो. फडातून कळसूबाईचा डोंगर दिसायचा. पती म्हणायचे, "पट्टा पडला की चढू." पण पट्टा पडून हंगाम संपला की टोळीचा ट्रक सरळ गावाकडे लागायचा. ते वारल्यापासून मुकादम मला नेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी एकटी म्हणजे अर्धा कोयता. डोंगर मात्र डोक्यातून गेला नाही.

बीडच्या उज्ज्वला मॅडम अनोळखी माणसं जमवून डोंगरावर नेतात, ही जाहिरात मी मोबाईलवर पाहिली. माझा फोन साधा आहे, टचचा मोबाईल मला चालवता येत नाही. जाहिरात कोणी दाखवली, नाव कोणी नोंदवलं आणि माझ्या मापाचे बूट कोणी आणले, हे मी सांगणार नाही. सुनेला विचारू नये, ती गरीब आहे.

मुलाला आधी सांगितलं होतं. तो हसला. "कावून? आपल्याकडं डोंगर न्हाईत का? अन् एकटी बाई कुनासंगं जानार?" म्हणून परत सांगितलं नाही. शनिवारी पहाटे वळकटी घेऊन गाडीत बसले, ते गल्लीने पाहिलं. वळकटी घेऊन पहाटे गाडीत बसलेलं माणूस तोडीलाच जातं, असा आमच्याकडे समज आहे. त्यावरून मुलाने ओळखीच्या सगळ्या मुकादमांना फोन लावले, वीटभट्ट्या पालथ्या घातल्या. भादव्यात कारखाना बंद असतो, हेही त्याला सुचलं नाही. आई फिरायला गेली असेल, असं गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोंगरात माझ्या फोनला रेंज नव्हती.

गाडीत मॅडमनी विचारलं, "मावशी, सोबत कोण?" मला वाटलं, आता उतरवतात. मी म्हणाले, "कुनी न्हाई. अर्धा कोयता हाय." त्याचा अर्थ सांगितल्यावर सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "मग ही गाडी अर्ध्या कोयत्यांचीच आहे. इथं सगळे एकेकटेच आलेत." मला लई बरं वाटलं. माझ्या शेजारी बँकेतली राजनंदिनी होती, तिलाही घरच्यांनी वेड्यात काढलं होतं.

कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिडी आली. मी मधेच गच्च धरून उभी राहिले आणि पतीला शिव्या दिल्या. त्या इथे लिहू नयेत. राजनंदिनी खालून म्हणाली, "मावशी, रडा पण चढा." मी दोन्ही केलं.

वर ढगात काही दिसेना. मग वारं सुटलं आणि खालचा सगळा मुलूख उघडा पडला. अगं बाई, काय सांगू! आम्ही ज्या भागात ऊस तोडला तो हिरव्या चिंधीएवढा होता. मी राजनंदिनीबरोबर फुगडी घातली. वर वय लिहिलं आहे ते बरोबर आहे, फुगडी घातली हेही बरोबर आहे.

मला कोणी पळवलं नाही, फूस लावली नाही. मुलगा इथे दोन वेळा येऊन रडला, असं हवालदार साहेबांनी सांगितलं. ते ऐकून जीव तुटला. तो वाईट नाही, भित्रा आहे.

शेवटी साहेबांनी "सदर महिलेस मुलाच्या ताब्यात दिले" असं लिहिलं. मी म्हणाले, "मी काय कोंडवाड्यातली शेळी हाय का?" ते म्हणाले, अशीच पद्धत आहे. मी म्हणाले, मग मी सही करणार नाही, इथंच बसते, चहा सांगा. तेव्हा बाकावरून परमेश्वर उठला. म्हणाला, "खोडा साहेब. ती कुनाच्या ताब्यात ऱ्हानारी न्हाई." ओळ खोडली.

कार्तिकात मी हरिश्चंद्रगडावर जाणार आहे. मुलाच्या देखत सांगत आहे. नोंद आजच घ्यावी, म्हणजे परत तक्रार घ्यायला नको. तो म्हणाला, "गाडीपतूर सोडाया मी येतो." तेही लिहावं.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मुलानेही ऐकला. मी बोलले तसाच आहे.