बाजाराची पश्चिम बाजू

देओलिंदा: ताडपत्री निघणार नाही म्हणजे नाही! अठ्ठावीस वर्षं या बाजारात चीज विकतेय मी. आणि तुम्ही राजधानीतून, आसुन्सिओनहून येऊन मला सांगणार, माझ्या दुकानावर काय लोंबावं न् काय नाही?

नीमिया: तुमच्या दुकानावर नाही हो, माझ्या भिंतीवर! ती भिंत बघायला उद्या सकाळी आठला पाच परीक्षक येतायत. विटांची अख्खी जाळी आहे ती, एकेक वीट तिरकी बसवलेली. आणि वरून काय? निळी ताडपत्री, पिठाची पोती, आणि हे... हे काय आहे?

विल्फ्रीदो: उमेदवाराचा फलक आहे, बाई. मागच्या निवडणुकीतला. चांगला जाड आहे.

नीमिया: मिस्त्री, तुम्हाला हे काढायला आणलंय, कौतुक करायला नाही.

विल्फ्रीदो: शिडी आणलीय की. बाजार समितीच्या अध्यक्षा हो म्हणाल्या की चढतो.

देओलिंदा: अध्यक्षा मीच. चढायचं नाही.

नीमिया: अरे देवा! अहो, एका सकाळचा प्रश्न आहे. दुपारी मी स्वतः परत बांधून देते.

देओलिंदा: तुम्ही बांधणार? त्या गाठी बघितल्यात का? माझ्या नवऱ्याने मारल्यात, बैल बांधायच्या. आणि हे सगळं कशासाठी म्हणे?

नीमिया: पारितोषिक आहे. आजवरच्या सगळ्या कामाचं. पस्तीस वर्षांचं.

देओलिंदा: एवढं काय काय बांधलंत?

नीमिया: राजधानीतलं वाचनालय. नदीवरचा बोटींचा धक्का. चाकोच्या रखरखीत मुलखातलं प्रसूतिगृह. आणि सगळ्यांत आधी हा बाजार.

देओलिंदा: थांबा, थांबा. कुठलं प्रसूतिगृह? लाल विटांचं? मधल्या अंगणात पेरूचं झाड?

नीमिया: हो, तेच.

देओलिंदा: माझी रामोना तिथे बाळंत झाली! ऐन जानेवारीत, आपल्याकडच्या भर उन्हाळ्यात. बाहेर माणसं भाजून निघत होती आणि आत पंखा न लावता गारवा. मी तिथेच हात जोडून म्हटलं, ज्याने हे बांधलं त्याच्या आईला स्वर्ग मिळो.

नीमिया: आई अजून आहे माझी. शहाऐंशीची.

देओलिंदा: मग तुम्हीच बांधलंत ते?

विल्फ्रीदो: बाईंनीच. विटा मी लावल्या.

देओलिंदा: आणि आमच्यावर काय राग होता तुमचा?

नीमिया: राग कसला?

देओलिंदा: तीन वाजले की या भोकाभोकांतून ऊन आत येतं. थेट चीजवर. चार वाजता त्याला घाम फुटतो, सहाला ते आंबतं. पलीकडची मासेवाली तर दुपारी दुकानच लावत नाही. तुमचे फोटोवाले येतात सकाळी, सावलीत उभे राहून वा वा करतात, चीज घातलेले चिपा-पाव खातात आणि जातात.

नीमिया: ती जाळी पूर्वेसाठी होती! नकाशात तिथे पूर्व होती. बाजाराचं तोंड हमरस्त्याकडे हवं म्हणून त्या वेळच्या महापौराने अख्खी इमारत आयत्या वेळी फिरवली. मी हे प्रत्येक भाषणात सांगते.

विल्फ्रीदो: सांगता खरं. पुढचं नाही सांगत.

नीमिया: मिस्त्री!

विल्फ्रीदो: मी त्या खोलीत होतो, बाई. त्याने विचारलं, काही हरकत? तुम्ही म्हणालात, काही नाही. आणि सही केलीत.

नीमिया: मग काय करायला हवं होतं? तेहतीस वर्षांची होते. पहिलं मोठं काम. बाहेर बाकावर तिघेजण टाय लावून बसले होते, मी उठले की आत शिरायला. त्याने मला ‘बाळा’ म्हणून हाक मारली आणि पेन पुढे केलं.

विल्फ्रीदो: सहीबद्दल कोण बोलतंय? मीही सही केली असती. पण जाळी बदलायला नंतर तीन आठवडे होते. मी विचारलं होतं तुम्हाला. या बाजूला जाड भिंत घालू का? वर झरोके ठेवू का?

(पलीकडे कुणीतरी मांस कापायचा सुरा घासतंय.)

नीमिया: जाळी सुंदर होती.

देओलिंदा: काय?

नीमिया: फार सुंदर होती. जाड भिंत घातली असती तर याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. मासिकाच्या मुखपृष्ठावर आली ती. वाचनालयाचं काम मला तिच्यामुळे मिळालं. सगळंच तिच्यामुळे मिळालं.

देओलिंदा: आणि आम्हाला ताडपत्री. दर दोन वर्षांनी नवी.

नीमिया: हो.

देओलिंदा: नुसतं हो काय? भांडा की आता! सकाळपासून डोकं खाल्लंत माझं.

नीमिया: एक मिनिट... हॅलो? हो, नीमिया. उद्या परीक्षकांना सकाळी आणू नका. सव्वातीनला आणा... माहितेय मला, फोटो चांगला येणार नाही... नाही, काही काढलेलं नाही. ताडपत्र्या तशाच राहतील. का लावल्यात ते मी सांगेन त्यांना. महापौराचंही सांगेन आणि माझंही... बरं. ठेवते.

विल्फ्रीदो: गेलं पारितोषिक.

देओलिंदा: अहो बाई, असं कशाला? मी फक्त ताडपत्रीपुरतं बोलत होते. एका सकाळी काढली असती, तर मेलो नसतो आम्ही.

नीमिया: मघाशी का नाही म्हणालात?

देओलिंदा: तुम्ही मघाशी नीट विचारलंत कुठे?

विल्फ्रीदो: बाहेरच्या बाजूने हात-दीड हात सोडून दुसरी भिंत घातली, तर ऊन अडेल. वारा येत राहील. जाळीही राहील.

नीमिया: नुसती सरळ भिंत?

विल्फ्रीदो: साधी, सरळ.

नीमिया: उद्या परीक्षक गेले की मापं घेऊ. देओलिंदाबाई, ताडपत्रीचं एक टोक सोडता? एकच. ऊन किती आत येतं ते मला बघायचंय.

देओलिंदा: थांबा, आधी चीज उचलते. हं... आलं बघा. डोळ्यांवर हात धरा.

नीमिया: अठ्ठावीस वर्षांत या वेळी मी इथे कधी आलेच नाही.

देओलिंदा: मग हे स्टूल घ्या आणि बसा. पाचपर्यंत ते असंच राहतं.