अनसाबाईंचं काश्मीर

मंडळी, ऐका! आज देवाचं नंतर. आधी एक प्रश्न. खोट्या गोष्टीवरून माणसाला खरा राग आला, तर तो राग खोटा की खरा?

बोला की! पुढची रांग पान लावतेय. मागची रांग तर काय — निजलीय! असू द्या. गोष्टच सांगतो.

कोळेवाडीचे रामोजी अण्णा खराडे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला. दुसऱ्याचा ऊस चोख मोजणारा माणूस, पण घरी बायकोला — अनसाबाईंना — कधी शेजारच्या जत्रेलाही नेलं नाही. का? उन्हाळ्यात ऊन असतं. पावसाळ्यात चिखल असतो. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात गळीत हंगाम असतो! संपलं वर्ष!

तर झालं काय, अण्णांचा एक दोस्त वारला. तेराव्याला हार घालायला फोटो हवा. घरात धड फोटोच नाही! मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्याला कातरून काढला, मोठा केला, लावला. पण खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला! नुसता हात. बांगड्या भरलेला! जेवणावळ राहिली बाजूला — सगळा गाव एकच विचारतोय, "हा हात कुणाचा?" विधवा बिचारी कोपऱ्यात बसून तेच विचारतेय!

अण्णा घाबरले. म्हणाले, आपला फोटो आपणच काढून ठेवायचा. जिवंतपणी. स्वच्छ. एकट्याचा!

गेले तालुक्याला, दिलावर आत्तारांच्या स्टुडिओत. आत्तारभाई म्हणजे कापडावरचे विश्वकर्मा. एक पडदा बंगल्याच्या जिन्याचा — तालुक्यातली सगळी लग्नं त्या जिन्यावर जमली, वर मात्र अजून कुणी गेलेलं नाही. आणि दुसरा काश्मीरचा. बर्फ, तळं, तळ्यात नाव.

"काश्मीरवर घेतो अण्णा," आत्तारभाई म्हणाले. "पण उद्या या. स्वेटर आणा. बर्फात सदऱ्यावर बसलेला माणूस खोटा वाटतो."

बघा हं! पडदा खोटा चालतो, माणूस खोटा चालत नाही!

तर अण्णांनी ट्रंकेतला स्वेटर गुपचूप काढला, भर वैशाखात पिशवीत घातला, फोटो काढून आले. फ्रेम होऊन घरी आली. अनसाबाईंनी पदराने काच पुसली. बघितलं. आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात तक्रार केली नव्हती, ती म्हणाली, "एकलंच गेलासा?"

"अगं, कापड हाय ते! आत्ताराचं!"

"कापड का असंना. गेलासा तर एकलंच न्हवं? आन् घरनं स्वेटर नेला. म्हंजी ठरवून गेलासा!"

आता द्या उत्तर! आहे कुणाकडे?

"ह्या फुटूला," अनसाबाई म्हणाल्या, "म्या हार घालायची न्हाई."

आणि बोलणं बंद! भाकरी मिळायची, पण ताट सरकवलेलं. अण्णा खचले हो! मरायची तयारी झालेली, फ्रेम तयार, खिळा ठोकलेला — आणि हार घालणारीच रुसलेली! असं मरता येतं का?

शेवटी म्हणाले, "चल. तुलाबी नेतो काश्मीरला."

मग अनसाबाई जशा प्रवासाला निघाल्या! दशम्या केल्या. लसणाची चटणी. कुलूप तीनदा ओढून बघितलं. शेजारणीला सांगितलं, "मांजराकडं बघ, आमी काश्मीरला चाललोय." दोघांच्याही अंगात स्वेटर, बाईंच्या कानाला मफलर, आणि एसटीत खिडकीची जागा. बाहेर ऊन असं, की डांबर वितळतंय!

स्टुडिओत पोचले. जिना जागेवर. काश्मीर नाही!

"हिवरगावच्या सप्ताहाला भाड्यानं गेलंय," आत्तारभाई म्हणाले. "स्टेजमागं कैलास म्हणून लावलंय. जिन्यावर घेऊ का?"

अनसाबाई म्हणाल्या, "जिना आमच्या चुलत्याच्यातबी हाय. आता माघारी जायचं न्हाई. काश्मीर जिथं आसंल तिथं!"

आत्तारभाईंनी मुकाट कॅमेरा गळ्यात अडकवला.

आता मंडळी, हिवरगावला त्या दिवशी कीर्तन कुणाचं होतं? माझं! मी कैलासापुढे उभा. तळ्यातल्या नावेवर मंडळाने झेंडूच्या माळा सोडलेल्या — कैलासावर नाव कशी दिसणार? माझा आवाज असा लागलेला! म्हणतोय, "बाबांनो, तिकडं जायचं तर सामान इथंच ठेवा! पिशवी घेऊन कुणी जात नाही!" आणि समोरून पिशवी घेऊन, स्वेटर-मफलर घालून, एक बाई तरातरा स्टेजवर!

मृदंग थांबला. माझा हात वर, वरच राहिला.

"म्हाराज, जरा सरता का?" बाई म्हणाली. पडद्याकडे बघून, "आवं, नाव कुटं हाय?" स्वतःच माळा बाजूला केल्या. "हां. हितंच!"

मागून आत्तारभाई, "महाराज, अजून थोडं. तुमचा फेटा तळ्यात येतोय."

सरलो! काय करता? दोन स्टुलं आली. एवढ्या माणसांपुढे ती दोघं बसली. अण्णा घामानं निथळतायत, स्वेटरचा रंग गळ्यावर उतरलाय. तेवढ्यात अनसाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं हात काढ! उद्या कातरायचा झाला तर हात राहील!"

"ऱ्हाऊ दे. इचारलं कुणी हात कुणाचा, तर आता समद्या हिवरगावाला ठावं हाय."

मग पडद्यावरच्या बर्फाकडे बघून, कितीतरी दिवसांनी, त्यांनी आपणहून नवऱ्याला विचारलं —

"थंडी वाजतीया का वो?"

मंडळी! वैशाख! पत्र्याचा मांडव! मला वाटलं, आता हा वजनकाट्याचा माणूस चोख तेच सांगणार.

अण्णा म्हणाले, "वाजतीया."

अनसाबाईंनी आपल्या कानाचा मफलर सोडला आणि त्यांच्या कानाला गुंडाळला. आत्तारभाईंनी तेव्हाच बटण दाबलं.

आता सांगा, राग खोटा होता? पडदा खोटा, बर्फ खोटा, थंडी तर सपशेल खोटी! पण मला ज्ञान सांगत जन्म गेला, तरी त्या रागाला उत्तर माझ्या पोथीत नव्हतं. त्या एका "वाजतीया"त होतं. तुम्ही घरी काय सांगता? "तुला कळत नाही, ते कापड आहे!" बरोबरच सांगता हो. आणि बरोबर सांगून ताट सरकवलेलं जेवता!

तर बोला हरीचं नाव — आणि नीट ऐका. आज या स्टेजमागे मंडळाने जिना लावलाय. आत्तारभाई खाली कॅमेरा घेऊन उभेच आहेत. आरती झाली की ज्यांना वर जायचंय त्यांनी यावं. पण घरून दुसरं माणूस घेऊन या. एकट्याला मी पायरी चढू देणार नाही!