उजव्या टायरला उजवा अंगठा

...अन् ती पोरगी मला म्हनती, "काका, अंगठा नीट पुसून लावा!" अगं पुसून पुसून कातडं निघायची येळ आली, अजून किती पुसू? पायजम्याला पुसला, टोपीला पुसला, तिच्या टेबलावरच्या फडक्याला पुसला, पन त्या मशीनची आपली लाल बत्ती ती लाल बत्तीच! हसू नका ओ, तुमचा बी नंबर ह्याच लायनीत हाय. आता ती मशीनवाली पोरगी, संस्कृती, जेवायला गेलीय, येईस्तोवर ऐका तरी. तुमाला सांगतो, मी रंगनाथ, तीस वर्सं झाली दहा चाकी ट्रक चालवतोय, नागापूरच्या एमायडीसीतनं लोखंडी गज भरायचे, घाट चढून भंडारदऱ्याकडं टाकायचे. चार दिवसांनी माझं लायसन संपतंय. लायसनला अंगठा पायजे. अन् अंगठा... हे बघा. जवळ या, चावत न्हाई मी! हाय का एक तरी रेघ? सोललेल्या अंड्यावानी गुळगुळीत!

न्हाई न्हाई, कामानं न्हाई झिजला. तसंच वाटलं हुतं मला बी. हे सगळं झालं त्या पुढच्या टायरापायी!

आता तुमी म्हनाल टायर अन् अंगठ्याचा काय संबंध... अहो ड्रायव्हरला इचारा! मागं आठ टायर असत्यात, एखादं फुटलं तरी बाकीचे सांभाळून घेत्यात, तुमी उतरता, दोन शिव्या देता, जॅक लावता. पुढं दोनच. घाटात गज भरलेली गाडी उतारावर असताना त्यातलं एक फुटलं, की स्टेरिंग तुमच्या हातात ऱ्हात न्हाई, दरीच्या हातात जातं. म्हनून आमच्यात म्हनत्यात, मागचं टायर गेलं तर टाईम जातो, पुढचं गेलं तर मानूस जातो!

अन् माझं पुढचं टायर वर्साच्या आत टकलं व्हायचं. भारी घेतलं, टकलं. स्वस्त घेतलं, टकलं. कोनी म्हनलं हवा कमी ठेवतोस, हवा वाढवली, तर मधनं टकलं! रोज सकाळी टायरच्या रेघेत रुपया घालून बघायचो, आज किती बुडतोय, काल किती बुडला हुता. बायको म्हनायची, "माझ्याकडं एवढं वाकून कवा बघितलं न्हाई!" आमची गोजर, तिच्या तोंडाला लागायचं न्हाई.

मग मला कोनीतरी सहादेव अन्नाचं दुकान सांगितलं. नागापूरच्या मागच्या गल्लीत, पत्र्याचं. म्हातारा आत बसलेला, पांढराधोप, डोळे मिटलेले. अन् तुमाला सांगतो, टायरच्या दुकानात रबराचा वास येतो का न्हाई? तिथं न्हाई. तिथं वास यायचा कुंकवाचा!

मी म्हनलं, "अन्ना, पुढं टाकायला टिकाऊ जोडी पायजे."

म्हातारा डोळे न उघडता म्हनतो, "किती टिकाऊ?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? आपली जीभ म्हंजे मोकाट खोंड! म्हनलं, "मी झिजलो तरी चालंल, पन टायर झिजता कामा न्हाई!"

गोजर संगं हुती, नारळ घेऊन आल्ती. तिनं मला असा चिमटा काढला... "अवो, बोलू नये असं. वास्तू तथास्तू म्हनती." मी म्हनलं, वास्तू घरात असती, हे दुकान हाय! तर म्हातारा हसला. नुस्ता हसला. दात एक न्हाई.

टायर बसवले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आपली नेहमीची रीत. गोजरनं कुंकवाचं बोट लावायला हात पुढं केला, तर म्हातारा म्हनतो, "मालकानं लावायचं. उजव्या टायरला उजवा अंगठा, डाव्याला डावा. दाबून." लावला! दाबून लावला! कुंकू काय आपल्या बापाचं जातंय?

अन् काय टायर ओ! दोन म्हयनं, रुपया तेवढाच बुडतोय. सहा म्हयनं, तेवढाच! एकदा घाटात समोरनं जीप आली, मी कचकन ब्रेक दाबला, खाली अडीचशे फूट... गाडी जागची हालली न्हाई. रस्ता मुठीत धरल्यावानी हुभी. मी खाली उतरून त्या टायरच्या पाया पडलो. खोटं न्हाई सांगत, डोळ्यात पानी आलं माझ्या! मागचं टायर गेलं तर टाईम जातो, पुढचं गेलं तर मानूस जातो, अन् आपलं तर जातच न्हाई!

मग मानसाला हाव सुटती का न्हाई? गेलो परत अन्नाकडं. म्हनलं, मागची आठ बी टाका! म्हाताऱ्यानं कुंकवाचा करंडा पुढं सरकवला. "अंगठं झालं. आता ऱ्हायलेली बोटं." आठ टायर, आठ बोटं... तुमी मोजताय ना? तवा मी मोजलं न्हाई, तिथंच घात झाला.

मोबाईल बोटानं उघडंना. म्हनलं मोबाईल बिघडला. गोजरनं पापड लाटायला बसवलं, पापडावर माझ्या बोटाचा ठसा म्हनून उमटंना. मग मागल्या आठवड्यात, दिवसा ढवळ्या बरं का, भंडारदऱ्याच्या वाटंवर अकोल्याच्या पुढं भातखाचरातला चिखल रस्त्यावर आल्ता. गाडी पुढं घेतली, लघवीला उतरलो, सहज मागं बघितलं... तुमाला सांगतो, पुढच्या टायरला उभ्या रेघा असत्यात. सरळ. चिखलात उभ्या रेघा न्हवत्या. चिखलात भोवरं हुतं! गोल गोल, बारीक रेघांचं, हे एवढालं, ताटाएवढालं. अन् दर भोवऱ्यावर एक तिरका वण. लहानपनी मला अंगठ्याला विळा लागल्ता, त्याचा वण! तीस फुटात मी धा वेळा उमटल्तो!

लघवी झालीच न्हाई मग.

तिथल्याच पंक्चरवाल्या दाऊदभाईला चिखल दाखवला. लई जुना दोस्त. तो खाली बसला, बोट फिरवलं, अन् म्हनला, "रंगनाथ, काढून टाक टायर." अरे काढू, पन ठेवू कुठं? जुन्या टायरवर नवं रबर चढवनाऱ्या रिमोल्डवाल्याला दिलं तर तो आधी किसनीवर घासतो. भंगारवाला जाळतो. इकावं म्हनलं तर कोन मानूस माझी बोटं घेऊन कुठल्या रस्त्यावर ठसं मारत हिंडंल, अन् पोलीस कुनाच्या दारात येतील? अन् ऱ्हाऊ दिलं तर लायसन जातंय. तीस वर्सं स्टेरिंग धरलं ओ मी, अन् आता मी मीच हाय हे सांगायला माझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई... भ्या वाटतं. खरं सांगतो, भ्या वाटतं.

आली, आली संस्कृती. काय गं पोरी? "काका, बोटं राहू द्या आता. चेहऱ्यावरनं पण होतं. इथं बसा, कॅमेऱ्यात बघा." बघा! देव पावला! चेहरा तर हाय ना माझा जाग्यावर? हाय? नाक, डोळं, समदं? गोजर म्हनती तसा काय कामाचा न्हाई, पन हाय!

थांब गं जरा, फोन वाजतोय. हॅलो... अन्ना? ... व्हय, दहाच्या दहा मस्त चालल्यात... काय? ... स्टेपनी ऱ्हायली? व्हय, स्टेपनी जुनीच हाय... न्हाई न्हाई, नको आता अन्ना, बोटं संपली माझी... काय म्हनता? बोट न्हाई लागत? नुस्तं कुंकू लावून कपाळ टेकवायचं? ... तोंड दाबून? ... न्हाई अन्ना, न्हाई म्हंजे न्हाई... काय? ... फुकट?

...

ए संस्कृती, तो चेहरा घे बाई लवकर. मला लगेच नागापूरला जायचंय.