शाल घेतली, नारळ नाही

सन्माननीय अध्यक्ष तात्या, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज सेवेतून मोकळे होणारे आमचे कमलाकांत जमादार, आणि पालघरपासून तारापूरपर्यंतच्या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

जमादारांनी शाल घेतली, श्रीफळ मात्र परत ठेवलं. तुम्ही हसलात. म्हणालात, पोलीस असून परत देतात! मी पडलो शाळामास्तर, तेव्हा कारण सांगणं माझ्याकडे आलं.

आपला महादू तांडेल सगळ्यांना ठाऊक आहे. बोटीवर तांडेल सांगेल तेच करायचं, ‘का’ म्हणायचं नाही. वादळात या शिस्तीनंच माणसं जिवंत घरी येतात. मीही वर्गात तिचं कौतुक केलंय. पण तांडेल म्हणजे बापच असला, आणि माशांच्या खणात चोरटी घड्याळं लपवायला सांगू लागला, तर पोरानं कोणत्या तोंडानं नाही म्हणावं?

त्याचा दादू असाच वाढला. दादूच्या आईला, जमनाबाईंना, हे दिसत होतं. नारळी पौर्णिमेला घरच्या बाईच्या हातचा नारळ घेतल्याशिवाय त्यांची बोट निघत नसे. त्या वर्षी जमनाबाईंनी नारळ छातीशी धरला. "पोराला खाली उतरव, मंगच नारल देन." महादूनं दादूकडे नुसतं बघितलं. दादूनं पाण्यात उडी घेतली, आईचा हात पिरगळला आणि नारळ बापाला नेऊन दिला. जमादार तेव्हा किनाऱ्यावरच होते; नारळ पुढे आला की त्यांना अजून तो पिरगळलेला हात दिसतो.

त्याच हंगामात त्यांनी ती बोट धरली. दादू म्हणाला, "माल माजा हाय. बाबाला काय ठाव नाय." कोर्टानं बापाला सोडलं, पोरगा तुरुंगात गेला. जमादारांना शाबासकी मिळाली. ती त्यांना आजही बोचते.

गेल्या आठवड्यात दादू सुटला. तुरुंगाच्या दारात जमादार हजर! म्हणाले, "तारापूरला वीजघराचं काम चाललंय. मुकादमाशी बोललोय, चल." दादूनं एवढंच विचारलं, "बाबाला इचारलाव काय?"

आज नारळी पौर्णिमा. सकाळी जमनाबाई किनाऱ्यावर गेल्याच नाहीत. बोट तरीही निघाली. दादू बापाशेजारी उभा होता.

जमादार, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मंडळी, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर पोटात घाला. फक्त टाळ्या वाजवू नका. जमनाबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत.