सातशे दोनची वास्तुशांत

हेमलताने पोटाला चिमटा काढून महाळुंग्याला पहिलावहिला फ्लॅट घेतला आणि निषाद नावाच्या आयटीतल्या मुलाला भाड्याने दिला. बाथरूमची गळती बघायला ती आज आली, तर लिफ्टपाशी दोन नऊवारीतल्या बायका पेढ्यांचे बॉक्स सांभाळत उभ्या.

"आक्का, कितवा मजला म्हनले पाव्हनं?"

"सातवा. सातशे दोन. वास्तुशांत हाय, आन लगोलग आपल्या जान्हवीची सुपारी फोडायची."

हेमलताच्या मुठीत सातशे दोनचीच किल्ली होती.

"जावई लई गुनाचा गावला, वैनी. येवढ्या वयात सोताचं घर!"

"दारावर गनपतीची फरशी बसिवलीय. सोता हिंडून आनली म्हनं."

"ती मी आणली!"

"काय म्हनला, ताई?"

"काही नाही... लिफ्ट आली."

"आदीचं स्थळ भाड्याच्या घरातलं हुतं. जान्हवीच्या वडलांनी दारातनंच वाटंला लावलं."

"लावनारच की! आपली पोरगी काय उघड्यावर पडलीय?"

सातव्या मजल्यावर होमाचा धूर जिन्यापर्यंत आला होता. दाराला झेंडूचं तोरण, त्याखाली पितळी पाटी: निषादचं नाव. निषाद स्वतः सोवळं नेसून पाहुण्यांना आत घेत होता. हेमलताला बघून त्याच्या हातातली अत्तरदाणी थबकली.

"जावईबापू, ह्या ताई कोन वो?"

"या होय? या आमच्या भाडेकरू. खालच्या मजल्यावर असतात. या ना मॅडम, प्रसाद घेऊन जा."



आक्कांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"भाडं येळंवर देता न्हवं, ताई?"