कुलूप लावायचा मान

भाऊंनो, बायांनो, आन वच्छलामावशीच्या सगळ्या पोट्ट्यांनो,

काय बोलावं हे सकाळपासून मनात जुळवून राहिली होती. इथं उभी राहिली आन सगळं पुसून गेलं. मी मंदा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले आहे. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, म्हणून घरचे म्हणतात, हळू बोल वं. आज तुम्हीच म्हटलं, बोल. सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पोत्यांवर बसले. समाजमंदिराच्या सतरंज्या त्या मागच्या खोलीत आहेत आन खोलीले कुलूप आहे. किल्ली मिळाली नाही म्हणून काही जण रागावले. रागावू नका. किल्ली कुठं आहे ते मले माहीत आहे. सांगते. पण आधी मावशीचं सांगू द्या.

आपल्या वस्तीतल्या बाया कुठं कुठं जातात? कोणी कापूस वेचाले, कोणी संत्र्याच्या बगीच्यात, कोणी माह्यासारखी जिनिंगमध्ये. माहे घरधनी तर सौंसरकडं खदानीत, आठवड्यातून एकदा तोंड दिसते. शाळेची छुट्टी दुपारी होते आन आमची संध्याकाळी. मधल्या वेळात लेकरानं कुठं जावं? ही गोष्ट कोणाले सुचली? रामाकोन्याहून आलेल्या एका एकट्या बाईले. ना कोणाची सखी मावशी, ना कोणाची आत्या. पण दुपारी शाळेचे बस्ते घेऊन पोट्टे त्या मागच्या खोलीत शिरले की आम्ही तिकडं निवांत.

आन नुसतं सांभाळणं नव्हतं, बाप्पा! आधी हातपाय धू. मग मुरमुरे आन गूळ. मग ज्याले झोप आली त्यानं झोपावं, ज्याले खेळायचं त्यानं अंगणात खेळावं. कोणाचं अंग तापलं तर ते लेकरू दिवसभर मावशीच्या मांडीवर. गोटमारीच्या दिवशी अख्खं पांढुर्णा जाम नदीवर जाते, तिकडून सावरगाववाले दगडं मारतात, इकडून आपण. त्या दिवशी शाळा बंद, पण मावशीची खोली उघडी. स्वतः दारात पाट टाकून बसे. तिच्या हाताखालचं एकही पोट्टं कधी नदीकडं गेलं नाही.

आन लेकरू न्याले कोणीही आलं तर देत नव्हती. आमचे दीर लोधीखेड्याहून आले होते, नवा शर्ट, हातात जिलबीचा पुडा. म्हणे, मी करुणाचा काका, तिले नेतो. करुणा माही पोरगी, तेव्हा पहिलीत. मावशीनं विचारलं, "करुणा, ओळखते का वं?" पोरगी जिलबीकडं पाहून हो म्हणाली. मावशी म्हणे, "ही जिलबीले ओळखते. तुम्ही बसा, भाऊ." मी येईपर्यंत त्यायले पोट्ट्यांच्या रांगेत बसवलं. हातपाय धुवाले लावले. मुरमुरे दिले. ते पाहा, तिथं बसले आन डोळे पुसून राहिले. भावजी, खरं आहे ना?

आता कुलपाचं सांगते.

तिसरीत गेल्यावर करुणानं वेगळंच काढलं. जिनिंगचा भोंगा झाला की मी धावत सुटायची. वाटेत कोणाशी बोलणं नाही, भाजी घेणं नाही. दम लागलेली मी दारात उभी राहिली की पोरगी भोकाड पसरे. "इतक्या लवकर काहून आली?" सांगा, कोणत्या आईले हे सहन होईल? दिवसभर सरकीचा कचरा नाकातोंडात, आन लेकराले मी नको! एक दिवस डोकं फिरलं. मी मावशीशी भांडाले गेली. म्हटलं, काय जादू केली तुम्ही माह्या लेकरावर?

मावशी हसली. म्हणे, "बस. पाणी पी. आन पाहत राहा."

मी पाहत राहिली. एकेकाची आई येऊन राहिली, एकेक पोट्टं जाऊन राहिलं. जो जाय तो तोंड पाडून जाय. शेवटी रमाबाईचा पोरगा राहिला. तो असा उठला जसा पाटीलच! खिडक्या लावल्या, दार ओढलं, कुलूप लावलं, आन किल्ली मावशीच्या हातात दिली. मावशीनं उभं राहून, दोन्ही हात पुढं करून घेतली. म्हणे, "आजचे मालक, जयभीम." जो शेवटी राहील त्याले कुलूप लावायचा मान. म्हणून कोणालेच लवकर जायचं नव्हतं.

मग मले म्हणे, "मंदा, रामाकोन्याले मी रोज शाळेच्या पायरीवर आईची वाट पाहत होती. सगळे जात, मी शेवटची राही. वाटे, आपणच नकोशे आहो. ह्या पोट्ट्यायले तसं नाही वाटू देणार."

मी तिथंच रडली. ज्या गोष्टीनं लेकराचं काळीज फाटते, त्याच गोष्टीचा तिनं मान केला. जिनिंगच्या सेठच्या घरी टीव्ही आला, तेव्हा वाटलं, आता सगळे पोट्टे तिकडं पळतील. एकही गेलं नाही. कुलपाचा नंबर गेला असता ना!

त्या शेवटच्या दिवशी जिनिंगमध्ये माल खूप होता. मले उशीर झाला. आली तर करुणा शेवटची. कुलूप लावून झालं होतं. मावशी पायरीवर बसली होती, कपाळावर घाम. करुणानं किल्ली पुढं केली. मावशी उठली नाही. पहिल्यांदाच उठली नाही. तिनं पोरीची मूठ बंद केली आन म्हणे, "आज तुह्यापाशीच ठेव. उद्या तूच उघडजो."

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. म्हणे, थकली वं जराशी, झोपली की ठीक होते. मी तिले तिच्या घरापर्यंत सोडलं. सकाळी मावशी उठलीच नाही.

किल्ली करुणापाशी आहे. फ्रॉकच्या खिशात आहे, झोपेतही हात तिच्यावर आहे. कोणालेच देऊन नाही राहिली, मलेही नाही. समाजमंदिराचे अध्यक्षकाका काल म्हणाले, आता पोट्टे सांभाळाले कोणी नाही, कुलूप तोडू, खोलीत मंडपाचं सामान ठेवू. काका, तुमच्यापुढं मी कधी तोंड उघडलं नाही. आज हात जोडते. कुलूप तोडू नका. माही पोरगी रोज विचारते, "आई, मावशीनं उद्या म्हटलं होतं. ते उद्या कधी येते?" काय सांगू मी तिले?

मी जिनिंगमध्ये सकाळची पाळी मागून घेतली. दुपारून मी दारात बसते. मावशीसारखं जमणार नाही, हे मले माहीत आहे. पण हातपाय धुवून देता येते, मुरमुरे देता येते, आन किल्ली उभं राहून घेता येते. ज्या दिवशी मले जमणार नाही त्या दिवशी कोण बसते? रमाबाई, तू हात वर केला का? शांता, तूही? बस झालं. अजून काय पाहिजे?

करुणा, ऐकून राहिली का वं? मावशी म्हणाली ते उद्या, उद्याच आहे. शाळेची छुट्टी झाली की तूच उघडजो.

आता सगळे उभे राहा. त्या दाराकडं तोंड करा. आमच्या पोट्ट्यांपैकी एकालेही जिनं कधी एकटं ठेवलं नाही, तिच्यासाठी थोडा वेळ चूप राहू.

वच्छलामावशी, आजचे मालक तुम्ही. जयभीम.